खेळाचा नमुना आणि कारागिरांची संमती

१९५३ साली अंबरनाथला यंत्रांचे पहिले नमुने घडविणारा सरकारी कारखाना उभा राहिला. चांगला नमुना दहा हातांना काम देतो, हे येथील कामगाराला सांगावयास नको. हाच न्याय संगणकावरील खेळांना कसा लागू पडला, ते पाहू.

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मायकेल टॉय व ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 'रोग' (म्हणजे लुच्चा) हा भुयारांचा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती. अक्षरे हेच राक्षस, आणि डावागणिक भुयार नवे. ओक्लाहोमाच्या रॉबर्ट कोनेके यांना नव्या यंत्रावर तो मिळेना. म्हणून त्यांनी 'मोरिया' लिहिला व पुढे त्याची मूळ आज्ञावली इतर विद्यापीठांना दिली. तीवरून १९९० मध्ये इंग्लंडात वॉरिक विद्यापीठात 'अँगबँड' निघाला. बेन हॅरिसन यांनी ती आज्ञावली नीट लावली, आणि हौशी माणसांनी तिच्यापासून कितीतरी पोटभेद काढले. एकाने तर स्वतःच खेळणारा यांत्रिक गडी बनविला.

परंतु माल पुष्कळांचा, तर हक्क कोणाचा? २००९ मध्ये 'अँगबँड'ला मुक्त परवाना मिळाला, तो जुन्या लेखकांना शोधून, त्यांची संमती घेऊन. फुकट राबणाऱ्यालाही विचारले गेले! कारखान्यात कामगाराने आपल्या अकलेने केलेल्या जिगवर त्याचे नाव राहत नाही. मित्रहो, मागणी येथून सुरू होते.