पारा, रबर आणि कोळ्याचा पाय : ताण मोजण्याचा इतिहास

१/ धातूची तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉमसन अर्थात लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्ये लोखंडाच्या व तांब्याच्या तारांवर दाखवून दिले. तार लांबते, बारीक होते आणि विजेची वाट अवघड होते.

२/ या तत्त्वाचे उपकरण होण्यास सुमारे ८० वर्षे लागली. १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, पृष्ठभागावर चिकटवता येणारा तारेचा ताणमापक घडवला. भूकंपात पाण्याच्या टाक्यांवर येणारा ताण हा रूज यांचा अभ्यासविषय होता. पोलादासाठी हे साधन उत्तम ठरले. त्वचा मात्र इतकी ताणली जाते की तिच्यासोबत धातूची तार टिकत नाही.

३/ १९५३ मध्ये आर. जे. व्हिटनी यांनी यावर साधा तोडगा काढला. पारा भरलेली बारीक रबरी नळी हातापायाभोवती गुंडाळायची. रक्त साचून अवयव किंचित फुगला की नळी ताणली जाई आणि पाऱ्याचा रोध वाढे. तत्त्व केल्विन यांचेच होते. धातू तेवढा द्रव झाला होता.

४/ पण पारा विषारी. त्याची जागा पुढे गॅलियम-इंडियमच्या मिश्रणाने घेतली. ते सुमारे १६ अंश सेल्सियसलाच वितळते. २०१२ मध्ये हार्वर्डमधील संशोधकांनी सिलिकॉन रबराच्या सूक्ष्म वाहिन्यांत ते भरून कृत्रिम त्वचा तयार केली. ती सुमारे २५० टक्के ताणली तरी काम करत राहिली.

५/ दुसरी वाट कोळ्याने दाखवली. त्याच्या पायांच्या सांध्यांजवळ कवचात बारीक चिरा असतात. कंपनाने त्या दबल्या की चेतातंतूंना खबर जाते. २०१४ मध्ये सेऊल राष्ट्रीय विद्यापीठातील गटाने मऊ बहुवारिकावर प्लॅटिनमचा २० नॅनोमीटर जाडीचा थर देऊन त्यात मुद्दाम तडे पाडले. तडे जरासे उघडले तरी रोध झपाट्याने वाढे. या संवेदकाने मनगटाची नाडी टिपली, व्हायोलिनचे सूरही टिपले. अभियंते ज्या भेगेला भितात, तीच येथे ज्ञानेंद्रिय झाली.

६/ मात्र ही तीक्ष्णता सुमारे २ टक्के ताणापर्यंतचीच. द्रव धातू खूप ताणला जातो, पण सूक्ष्म कंपनांना इतका तीव्र प्रतिसाद देत नाही. कृत्रिम हाताला मूठही वळायची असते आणि मुठीतल्या मनगटाची नाडीही जाणायची असते. माणसाची त्वचा ही दोन्ही कामे एकाच वेळी करते. १८५६ पासून चालत आलेला हा शोध आज तिच्यापाशीच येऊन थांबला आहे.