चौलची शांतता आणि अंबरनाथचा शिलालेख

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर ही आपली गावे समुद्रापासून फार लांब नाहीत, पण तिथल्या माणसाला समुद्र क्वचितच भेटतो. सकाळी लोकल पकडायची, रात्री लोकलनेच परतायचे, आणि उरलेला वेळ पाण्याचा टँकर, मुलांची शाळा व घराचे हप्ते यांत जायचा. अशा माणसाला वर्षातून एकदा तरी दोन दिवस एखाद्या शांत किनाऱ्यावर जावेसे वाटले तर नवल नाही. बहुतेक लोक गर्दीच्या किनाऱ्यांवर जातात आणि गर्दीतूनच परत येतात. त्यांना एक वेगळा पत्ता सुचवावासा वाटतो. तो म्हणजे रायगड जिल्ह्यातले चौल आणि त्याला लागून असलेले रेवदंडा. या गावाची हवा चांगली आहे, पण ते सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्या अंबरनाथच्या दगडी मंदिराचे आणि चौलच्या किनाऱ्याचे नाते फार जुने आहे. त्या नात्यात मराठी मुसलमानाच्या एका दुखऱ्या प्रश्नाचे उत्तरही दडलेले आहे.

पनवेल, पेण, वडखळ करीत अलिबाग गाठायचे आणि तिथून रेवदंड्याची एस. टी. धरायची. नागाव मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाड्या सुरू होतात. नारळीच्या खाली सुपारी, सुपारीच्या खाली पानवेल आणि केळी. भर दुपारीही रस्त्यावर ऊन तुकड्या-तुकड्यांनी पडते. कौलारू घरे, चिऱ्याचे गडगे, पाटाचे पाणी, अंगणात वाळत घातलेली सुपारी. चौलमध्ये पाहण्यासाठी धावाधाव करावी लागत नाही. पायी हिंडावे, विहिरीच्या कठड्यावर टेकावे, घरगुती खाणावळीत तांदळाची भाकरी आणि ताज्या मासळीचे कालवण खावे, अन् संध्याकाळी रेवदंड्याच्या किल्ल्याच्या पडक्या तटाला वळसा घालून वाळूवर जाऊन बसावे. समोर कुंडलिकेची खाडी समुद्राला मिळते. पलीकडच्या टेकडीवर कोर्लईचा किल्ला आहे. मगरिबच्या वेळी पाणी तांबूस होते, होड्या परततात आणि काही वेळ कोणीच बोलत नाही. एवढेच सुख. ते विकत घ्यावे लागत नाही आणि त्यासाठी फार वेळ थांबावेही लागत नाही.

पण ही शांतता मूळची नाही. एके काळी या किनाऱ्यावर इतका गलबला असे की त्याची कीर्ती बसरा आणि बगदादपर्यंत पोहोचली होती. ग्रीक लेखकांनी या बंदराला सेमिल्ला म्हटले. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत चेमुलच्या दानशूर रहिवाशांचा उल्लेख आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांत ते चेमुल्य आहे आणि अरबांनी त्यालाच सैमूर म्हटले. नाव बोलणाऱ्याच्या जिभेप्रमाणे बदलत गेले, पण बंदर तेच राहिले.

हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६च्या सुमारास, बगदादचा अल् मसूदी हा इतिहासकार या सैमूरला आला. आपल्या ‘मुरूज अल्-जहब’ या ग्रंथात त्याने इथला वृत्तांत लिहून ठेवला आहे. त्या वेळी सार्वभौम सत्ता राष्ट्रकूटांची होती. अरब त्यांच्या राजाला बल्हारा म्हणत. हे वल्लभराज या बिरुदाचे अरबी रूप. चौलवर प्रत्यक्ष अंमल त्यांच्या मांडलिकाचा होता आणि मसूदीने त्याचे नाव जंज असे दिले आहे. हा जंज म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला झंझ राजा. मसूदीच्या अंदाजाप्रमाणे सैमूरमध्ये तेव्हा दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते. आकडा मोघम आहे हे मान्य केले तरी वस्ती मोठी होती यात शंका नाही. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद इथून येऊन स्थायिक झालेले लोक होते. आणि ‘बयासिरा’ही होते. या शब्दाचा अर्थ मसूदी स्वतःच सांगतो: ज्यांचा जन्मच हिंदच्या भूमीवर मुसलमान म्हणून झाला ते लोक.

इथे क्षणभर थांबायला हवे. सन ९१६ मध्ये कोकणच्या मातीत जन्मलेल्या मुसलमानांसाठी एक स्वतंत्र शब्द रूढ झाला होता. म्हणजे त्याआधी निदान एक-दोन पिढ्या इथे वाढल्या असल्या पाहिजेत. महंमद घोरीच्या स्वाऱ्या अजून अडीचशे वर्षे दूर होत्या. गझनीच्या महमूदाचा जन्मही झालेला नव्हता. दिल्लीच्या सल्तनतीचे तर नावही कोणाच्या कानी नव्हते. आणि चौलमध्ये मशिदी उभ्या होत्या, पाच वेळच्या नमाजा होत होत्या. बल्हाराच्या राज्यात इस्लामला जेवढा मान आणि संरक्षण आहे तेवढे हिंद-सिंधच्या दुसऱ्या कोणत्याही राजाकडे नाही, असा निर्वाळा मसूदी देतो. मुसलमानांचे आपसांतले व्यवहार पाहण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाकडून नेमला जाई. त्याला ‘हुनरमन’ म्हणत. मसूदीच्या भेटीच्या वेळी या पदावर अबू सईद मारूफ बिन जकरिया नावाचे गृहस्थ होते.

आता झंझ राजाकडे दुसऱ्या बाजूने पाहू. शिलाहारांच्या पुढच्या ताम्रपटांत त्याचे वर्णन येते, ते बारा शिवमंदिरे बांधणारा राजा म्हणून. ज्याच्या राज्यात मशिदींना अभय होते तो राजा परम शिवभक्त होता. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे त्याला वाटले नाही, आणि त्याच्या प्रजेलाही वाटल्याचे दिसत नाही.

याच घराण्यातील मुम्मुणी, अर्थात माम्वाणी राजाचा शिलालेख आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे. त्यावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ कोरलेला आहे. वालधुनीच्या काठचे ते काळ्या दगडाचे मंदिर पाहायला देशभरातून लोक येतात. मंदिरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की ते बांधणाऱ्या राजघराण्याच्या तिजोरीत चौलच्या बंदरावरील जकातही जमा होत होती? या लेखानंतर ३४ वर्षांनी, शके १०१६ मध्ये, याच घराण्यातील अनंतदेवाने एक ताम्रपट दिला. तो खारेपाटण इथे सापडला. त्यात राजाच्या मर्जीतल्या भाभण आणि धणामैय या दोघा बंधूंच्या गलबतांना श्रीस्थानक म्हणजे ठाणे, नागपूर, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि चेमुल्य म्हणजे चौल या बंदरांत जकात माफ केल्याची नोंद आहे. जकात माफ करणे हीसुद्धा सनदेवर कोरण्याजोगी मेहेरबानी होती, यावरून त्या उत्पन्नाचे मोल कळते. ते उत्पन्न आणणाऱ्यांत अरबी समुद्रापलीकडचे आणि अलीकडचे मुसलमान व्यापारी होते. मंदिराचा अमुक दगड अमुक जकातीतून आला असे कोणी म्हणू शकणार नाही. पण ज्या समृद्धीतून ते मंदिर उभे राहिले, त्या समृद्धीत या लोकांच्याही घामाचा वाटा होता, एवढे निश्चित म्हणता येते.

हे चौलपुरतेच होते असेही नाही. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी इथे सापडलेला शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा ताम्रपट अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यात संजानच्या प्रदेशावर राष्ट्रकूटांनी नेमलेल्या ‘ताजिक’ म्हणजे अरब अधिकाऱ्याचे नाव मधुमती असे आले आहे. मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप. या महंमदाने नदीवर फुकट तरीची सोय केली, भात, कालवण आणि तूप मिळणारे अन्नछत्र उघडले, आणि त्याच्या कारकिर्दीत भगवतीच्या मठाला जमीन दान दिली गेली. त्या दानाला राष्ट्रकूट सम्राटाची संमती होती. संस्कृत नाव धारण करणारा मुसलमान अधिकारी, देवीच्या मठाला दान आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तूपभात! आज एखाद्या कथालेखकाने असे लिहिले तर लोक त्याला स्वप्नाळू म्हणतील. तांब्याच्या पत्र्यावर मात्र ते अकराशे वर्षांपूर्वीच कोरून ठेवले आहे.

अर्थात जुन्या काळाला निव्वळ सोनेरी मुलामा देण्यात अर्थ नाही. राजाला महसूल हवा होता आणि व्यापाऱ्याला सुरक्षितता. स्नेहामागे हिशेबही होता. पण रोजच्या हिशेबातून जडलेला शेजार पुष्कळदा भाषणातल्या बंधुभावापेक्षा अधिक टिकतो. बाजारात उभा असलेला माणूस समोरच्याचा धर्म विचारण्याआधी मालाचा भाव विचारतो. आणि भाव विचारता विचारता भाषा शिकतो, सोयरिकी जुळतात, मुले इथलीच होतात. कोकणी मुसलमानांच्या बोलीत, घरांत आणि लग्नगाण्यांत जो कोकण भरून राहिला आहे, तो काही एका रात्रीत आलेला नाही.

पुढेही चौलने नाना तऱ्हेचे लोक पाहिले. इ. स. १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विकण्याच्या आशेने इथे उतरला. चौलहून तो जुन्नरला गेला. तिथल्या सुभेदाराने त्याचा घोडा ठेवून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन, अशी अट घातली. त्या परक्या ख्रिस्ती माणसासाठी रदबदली केली ती महंमद नावाच्या एका खुरासानी मुसलमानाने. निकितिनचा घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला. हे त्याने स्वतःच्या प्रवासवर्णनात कृतज्ञतेने नोंदवले आहे. जबरदस्ती करणारा आणि ती अडवणारा असे दोघेही मुसलमान होते. इतिहास प्रामाणिकपणे वाचायचा तर दोघांचीही नोंद ठेवावी लागते. निकितिनचे स्मारक आज रेवदंड्यात आहे.

सन १५०८ मध्ये चौलच्या बंदरात इजिप्तच्या मामलुकांचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज यांच्या आरमारांनी पोर्तुगीजांना हरवले. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मैदा त्या लढाईत मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पोर्तुगीजांनी त्याचे उट्टे काढले आणि अरबी समुद्राचा तोल बदलला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना रेवदंड्यात कोट बांधू दिला. त्याच घराण्याच्या मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ मध्ये त्या कोटाला वेढा घातला, पण तो घेता आला नाही. अखेर १७४० मध्ये हा प्रदेश मराठ्यांकडे आला. तोवर मुंबईचे खोल बंदर पुढे सरसावले होते. चौलची खाडी गाळाने भरत गेली, रेशमी कापड विणणारे माग थांबले, गलबते दुसरीकडे वळली. आणि गाव शांत झाले.

आज तिथे हिंडताना या सगळ्यांच्या खुणा भेटतात. वाडीत लपलेल्या जुन्या मशिदीचे आणि हमामखान्याचे अवशेष. रेवदंड्याच्या कोटात उभा असलेला, लोक ज्याला सातखणी म्हणतात तो पोर्तुगीज मनोरा. शनवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्राएलींचे प्रार्थनालय. पलीकडे कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संकरातून झालेली बोली बोलणारे ख्रिस्ती. आणि चौलचा रामेश्वर. त्याच्या मंडपात पर्जन्य, वायू आणि अग्नी यांची झाकलेली कुंडे आहेत. पाऊस रुसला की पर्जन्यकुंड उघडण्याची तिथे रीत आहे. पाऊस आला की तो मग सर्वांच्याच वाडीत पडतो.

आपल्या तिन्ही गावांना हा इतिहास विशेष जवळचा वाटावा. उल्हासनगर हे तर विस्थापितांनीच वसवलेले शहर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. तिथल्या बराकीत जन्मलेल्या मुलाला आज कोणी परका म्हणत नाही आणि म्हणूही नये. अंबरनाथ आणि बदलापूरला कारखान्यांच्या, स्वस्त घरांच्या ओढीने कोकण, खानदेश, मराठवाड्यातून माणसे आली. उल्हास नदी बदलापूरवरून वाहत जाते आणि कल्याणला खाडीरूप घेते, तिथेही एके काळी गलबते लागत. या पट्ट्यातला प्रत्येक जण कधी ना कधी कुठून तरी आलेला आहे. फरक असेल तर तो फक्त पिढ्यांच्या मोजणीचा.

तरीही शाळेत, कचेरीत, भाड्याचे घर शोधताना मराठी मुसलमानाला कधी ना कधी तो प्रश्न ऐकावा लागतोच: तुम्ही मूळचे कुठले? प्रश्न साधा असतो, त्यामागचा सूर साधा नसतो. त्यावर रागावून काही होत नाही आणि गप्प बसल्याने तर मुळीच होत नाही. आपल्या मुलांना या प्रश्नाचे उत्तर शांतपणे देता यावे, एवढी तयारी आपण करून द्यायला हवी. ती नुसत्या पुस्तकांतून होणार नाही. एका रविवारी त्यांना अंबरनाथच्या मंदिराकडे न्यावे, तिथे शिलाहारांचा लेख आहे हे सांगावे. मग सुटीत चौलला न्यावे. सुपारीच्या सावलीतून चालवावे, विहिरीचे पाणी पाजावे, वाळूवर बसवावे. आणि सांगावे, की मंदिर बांधणाऱ्या त्या राजघराण्याच्या राज्यात, या किनाऱ्यावर, हजार वर्षांपूर्वी अजान होत होती. आणि ती देणाऱ्यांतले कित्येक जण इथेच जन्मलेले होते.

मुले कदाचित लक्ष देणार नाहीत. शंख-शिंपले वेचायला पळतील. पळू द्यावीत. किनारा आपला आहे असे वाटल्याशिवाय मूल असे मोकळेपणाने धावत नाही.