अंबोलीच्या रानातून गोव्याच्या घरात : ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’

भाषावार राज्यांच्या वादात नभोवाणीचा विचार फारसा होत नाही. वास्तविक सीमेच्या अल्याड-पल्याड राहणाऱ्या माणसांना जोडून ठेवण्याचे काम या माध्यमाने जितके केले, तितके क्वचितच दुसऱ्या कोणी केले असेल. नाके बंद होतात, गाड्या थांबतात, वृत्तपत्रे जप्त होतात. पण आकाशातून येणारा शब्द अडवणे कठीण असते. आपल्या सह्याद्रीच्या कड्यावर सहा वर्षे चाललेल्या एका छोट्या केंद्राचा इतिहास म्हणूनच सीमाभागातील वाचकांसमोर ठेवावासा वाटतो.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेले दळणवळण बंद केले आणि आर्थिक नाकेबंदी कडक केली. सीमा दोन्ही बाजूंनी मिटली. गोव्यात वृत्तपत्रांवर सालाझारच्या राजवटीची पूर्वतपासणी होती, सभांना बंदी होती आणि १९४६ पासून सुरू असलेले ‘एमिसोरा द गोआ’ हे नभोवाणी केंद्र सरकारचीच बाजू ऐकवीत होते. आतल्या माणसाला बाहेरचे खरे वर्तमान कळावे कसे, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, म्हणजे १५१० साली आल्बुकर्कने गोवा जिंकला त्याच तारखेला, त्यांचे गुप्त केंद्र बोलू लागले. त्याची यंत्रसामग्रीही बोलकी आहे. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली, तेव्हा पळालेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांचे बिनतारी संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागले होते. त्यांचेच रूपांतर प्रक्षेपकात करण्यात आले. पोर्तुगीजांचे यंत्र पोर्तुगीजांच्याच विरोधात बोलू लागले!

केंद्राचे पहिले ठिकाण सावंतवाडीजवळील अंबोलीचे रान. महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी हे एक. पुढे केंद्र कॅसलरॉकला हलले. घाटमाथ्यावरील हे छोटे गाव गोव्याकडे उतरणाऱ्या लोहमार्गावरचे भारतीय हद्दीतील शेवटचे मोठे स्थानक होते.

या केंद्राच्या भाषा दोन होत्या : कोंकणी आणि पोर्तुगीज. कोंकणी सामान्य गोमंतकीयासाठी. पोर्तुगीज सुशिक्षित वर्गासाठी आणि खुद्द शासकांसाठी. पोर्तुगीज सरकारच्या प्रचाराचे खंडन, भारतीय संसदेत गोव्यासंबंधी झालेली भाषणे, आफ्रिकेतील वसाहतींत पेटलेल्या लढ्यांच्या बातम्या, असा मजकूर त्यावरून जाई.

येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. पुण्याच्या गोवा विमोचन साहाय्यक समितीपासून दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात उतरलेल्या सुधीर फडके यांच्यासारख्या कलावंतांपर्यंत मराठी समाज गोव्यासाठी मनापासून झटत होता. तरीही या केंद्राने मराठीऐवजी कोंकणी निवडली, आणि त्याने मराठीचे काहीही उणे झाले नाही. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या घरात जी भाषा बोलली जाते तीत बोलावे, एवढाच त्यामागचा विचार. १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा यांनी या दोन भाषांत जी कटुता आणली, तिच्या आधीचा हा काळ आहे. भाषा तेव्हा सेवेची वस्तू होती, मालकीची नव्हे.

डिसेंबर १९६१ मध्ये निर्णायक घडी आली. रक्तपात टाळून शरण यावे, असे आवाहन या केंद्रावरून गव्हर्नर-जनरलला करण्यात आले. १८ डिसेंबरला बेळगावच्या सांबरा तळावरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे पोर्तुगीज बिनतारी केंद्र निकामी केले. १९ तारखेला पोर्तुगीज सत्ता संपली. सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी विमानातून पणजीवर घिरट्या घालीत ध्वनिक्षेपकावरून मुक्तीची वार्ता कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये सांगितली. केंद्राचे काम तेथे पूर्ण झाले. पुढे दोघांचा विवाह झाला. वामन सरदेसाईंना १९९२ मध्ये आणि लिबिया लोबो-सरदेसाईंना शंभरीत, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

या केंद्राच्या सहा वर्षांतच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. मुंबई राज्यातील कॅसलरॉक म्हैसूर राज्यात गेले. आज अंबोली महाराष्ट्रात, कॅसलरॉक कर्नाटकात आणि श्रोते गोव्यात. एका इतिहासाचे तीन राज्यांत तुकडे झाले, की तो सांगण्याची जबाबदारी कोणा एकाची उरत नाही. सीमाभागाच्या वाट्याला हेच वारंवार येते. आपला न्याय्य भाषिक हक्क मागताना तो आग्रहाने मागावा. पण शेजारच्या भाषेचा मान राखूनही लढा जिंकता येतो, याची साक्ष याच डोंगरांनी दिली आहे. ती साक्ष जतन करणे तिन्ही राज्यांतील मराठी माणसाचे कर्तव्य आहे.