अनिच्छेची पलटण

युद्धाचा इतिहास म्हटला कीं, रणांगणें, सेनापति आणि जयापजय यांकडेच वाचकांचें लक्ष वेधतें. आमच्या बखरी व पोवाडे जसे पराक्रमाच्या प्रसंगांवर पोसले, तसाच पाश्चात्त्यांचा पलटणींचा इतिहासहि बहुधा झेंडे, जखमा व मानचिन्हें यांनींच भरलेला असतो. परंतु जिच्या वांट्यास एकहि मोठी लढाई आली नाहीं, जिच्यांतील बहुतेक शिपाई स्वखुषीनें आले नव्हते आणि जी अवघ्या नऊ महिन्यांच्या मुदतीची होती, अशा पलटणीस इतिहासांत स्थान कोणतें? अमेरिकेच्या यादवी युद्धांतील चौतिसाव्या विस्कॉन्सिन पायदळ पलटणीची हकीकत पाहतां आम्हांस असें वाटतें कीं, राज्यसंस्थेच्या स्वभावाविषयीं अशी पलटण विजयी पलटणींपेक्षां अधिक सांगून जाते.

१८६१ च्या एप्रिलांत युद्धास तोंड लागलें, तेव्हां उत्तरेंत स्वयंसेवकांची उणीव नव्हती. वर्ष उलटलें, प्रेतांच्या याद्या गांवोगांव पोंचल्या, आणि उत्साह ओसरला. तेव्हां १७ जुलै १८६२ रोजीं काँग्रेसनें मिलिशियाचा कायदा केला, आणि ४ ऑगस्टला नऊ महिन्यांच्या मुदतीसाठीं तीन लक्ष माणसें मागण्यांत आलीं. प्रत्येक राज्याचा वांटा ठरला. जेथें स्वयंसेवकांनीं तो भरून निघेना, तेथें चिठ्ठ्या काढून माणसें निवडावयाचीं होतीं. ज्याच्याजवळ पैसा असेल, त्यास आपल्या जागीं बदली माणूस देण्याची मुभा होती. या सक्तीचा मुख्य उपयोग धाकापुरता होता. चिठ्ठी निघण्यापेक्षां इनामाची रक्कम घेऊन आपण होऊन गेलेलें बरें, असा विचार पुष्कळांनीं केला. जेथें धाक आणि इनाम या दोहोंनींहि भागलें नाहीं, तेथें सक्तीची पलटण उभी राहिली.

विस्कॉन्सिनच्या पूर्व भागांत, मिशिगन सरोवराच्या कांठीं, जर्मन व लक्झेंबर्गी शेतकऱ्यांची दाट वस्ती होती. यूरोपांतील राजांच्या सक्तीच्या लष्करी नोकरीला कंटाळूनहि त्यांतील कित्येकांनीं देश सोडला होता. समुद्र ओलांडून, जंगल तोडून शेत करावें, आणि मग तीच सक्ति दारांत येऊन उभी राहावी, हें त्यांस सहन होईना. १० नोव्हेंबर १८६२ रोजीं पोर्ट वॉशिंग्टन येथें चिठ्ठ्या काढण्याचें काम सुरू होतांच जमाव खवळला. भरतीचे कमिशनर विल्यम पोर्स आपल्या मित्रांस सूट देतात, असा लोकांस संशय होता. जमावानें त्यांस कचेरीच्या पायऱ्यांवरून खालीं लोटलें, याद्या नष्ट केल्या आणि प्रतिष्ठितांचीं घरें लुटलीं. गव्हर्नर एडवर्ड सालोमन यांनीं सैन्य पाठवून शंभरावर लोकांस पकडविलें. सालोमन स्वतः प्रशियांत जन्मलेले होते, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

कैद्यांचा प्रश्न पुढें न्यायालयांत गेला. भरतीस विरोध करणाऱ्यांस हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेचें कारण न्यायाधीशापुढें मागण्याचा हक्क असणार नाहीं, असा जाहीरनामा लिंकननें २४ सप्टेंबर १८६२ रोजींच काढला होता. निकोलस केंप नांवाच्या कैद्याच्या प्रकरणांत विस्कॉन्सिनच्या वरिष्ठ न्यायालयानें जानेवारी १८६३ मध्यें निर्णय दिला कीं, हा हक्क तहकूब करण्याचा अधिकार एकट्या अध्यक्षास नाहीं. मार्चच्या ३ तारखेस काँग्रेसनें कायदा करून तो अधिकार अध्यक्षास दिला. आणि त्याच दिवशीं सक्तीच्या भरतीचा नवा, अधिक कडक कायदाहि मंजूर झाला.

इकडे पलटण उभी राहून ३१ डिसेंबर १८६२ रोजीं सैन्यांत दाखल झाली. तिचा कर्नल फ्रिट्झ आनेके हा एकेकाळीं प्रशियाच्या तोफखान्यांतील अधिकारी होता. पण १८४९ च्या जर्मन क्रांतींत तो प्रशियाच्याच सैन्याविरुद्ध लढला. त्याची विदुषी पत्नी माथिल्डे त्या मोहिमेंत घोड्यावर बसून त्याच्याबरोबर होती. राजसत्तेविरुद्ध बंड करून परागंदा झालेल्या पुरुषानें सक्तीनें धरून आणलेल्या शिपायांचें नेतृत्व करावें, हा दैवाचा केवढा उपहास! १८६३ सालींच वरिष्ठांशीं बेबनाव होऊन त्याची सैनिकी कारकीर्द संपली.

पलटणीचें काम नीरस होतें. केंटकींतील कोलंबस हें मिसिसिपी नदीवरील मोक्याचें ठाणें. तेथें व आसपासच्या ठाण्यांत तिच्या तुकड्या पाहऱ्यावर विखुरल्या. ग्रँटचें सैन्य व्हिक्सबर्गला वेढा देऊन बसलें असतां मागची नदी व रेल्वे सांभाळण्यास कोणी तरी हवेंच होतें. ८ सप्टेंबर १८६३ रोजीं पलटण मोडली. ९६१ माणसांपैकीं वीस दगावले, ते सर्व रोगानें. शत्रूच्या गोळीनें एकहि नाहीं.

या लोकांस भित्रे म्हणावें काय? त्याच जर्मन वस्तींतून उभी राहिलेली सव्विसावी विस्कॉन्सिन पलटण स्वयंसेवकांची होती, आणि चॅन्सलर्सव्हिल व गेटिसबर्ग येथें तिनें आपलें रक्त मुबलक सांडलें. अर्थात् उणीव शौर्याची नव्हती, संमतीची होती. दुसऱ्या बाजूस हेंहि मान्य केलें पाहिजे कीं, गुलामगिरीचा अंत ज्या युद्धानें झाला, तें केवळ उत्साहाच्या बळावर जिंकतां आलें नसतें. लोकसत्ता ही लोकांच्या संमतीवर उभी असते खरी; पण संकटांत तीहि सक्तीचा हात उगारते, आणि तो हात प्रथम पडतो तो ज्याच्यापाशीं बदली माणूस देण्याइतका पैसा नाहीं त्याच्यावर. न्यायालयानें अध्यक्षास अडविलें आणि पलटण तरीहि पाहऱ्यावर गेली, या दोन गोष्टी एकाच महिन्यांतल्या आहेत. त्यांतील एकच सांगणारा इतिहास आम्हांस अपुरा वाटतो.