आजीचं कृपादान

आमच्या आजीला देवबापाशी बोलायला वेळकाळ लागत नसे. घरात कुणी तापानं फणफणलं की ती चुलीवर हुलग्याचं माडगं चढवी आणि ढवळता ढवळताच डोळे मिटून प्रार्थना सुरू करी. (माडगं उतू जायचं ते तेव्हाच.) 'प्रभू, ह्या लेकराला हात लाव' हे शब्द आणि लसणाच्या फोडणीचा वास, दोन्ही आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती पोरांच्या अंगात एकदमच भिनले.

थोरल्या काकांना मुतखडा झाला तेव्हा मात्र तिनं माडग्यावर भागवलं नाही. थेट मिरज गाठली. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथं मिशनचा दवाखाना सुरू केला होता. चाकू हातात घेण्याआधी डॉक्टर टेबलाशी प्रार्थना करत. 'खुद्द वॉन्लेससाहेबानं हात जोडले,' असं आजी छातीठोकपणे सांगे. काकांचं वय धरलं तर हे जमत नाही. साहेब १९२८ सालीच मिरज सोडून गेले होते. पण आजीला कोण सांगणार! खडा मात्र खरा. कैक वर्षं तो काड्यापेटीत जपून ठेवलेला होता.

धाकटी आत्या लहानपणीच गेली. तिच्यासाठीही प्रार्थना झालीच होती. पुढं कुणी फिरता उपदेशक ओसरीवर बसून म्हणाला, 'बाई, विश्वास कमी पडला.' आजी वाचायला उशिरा शिकली, पण करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा अध्याय तिला पाठ होता. पौलानं विश्वास हे एक कृपादान सांगितलंय आणि रोग बरे करण्याचं निराळं. 'मला पहिलं मिळालंय. तुमाला दुसरं मिळालं आसंल तर दवाखान्यात जाऊन बसा,' तिनं सुनावलं.

मग केडगावचा विषय निघाला. तिची आई दुष्काळातली पोर, पंडिता रमाबाईंच्या तिथल्या मुक्तिसदनात वाढलेली. १९०५ साली तिथं झालेल्या जागृतीच्या, मुलींच्या रडत-ओरडत चाललेल्या प्रार्थनांच्या गोष्टी आजीनं आईच्याच तोंडून ऐकलेल्या. एवढा पसारा प्रार्थनेच्या भरवशावर चालवणाऱ्या रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली गेली, आईच्या आधी.

'बाईंचा इस्वास कमी व्हता व्हय?'

उपदेशक गप्प. तरी जेवल्याबिगर त्याला सोडलं नाही. पिठलं-भाकरी वाढली, कांदा तेवढा, माझी आई सांगे, मुद्दाम फोडून दिला नाही.