गुंड्याभाऊंचा सोटा

चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांतला गुंड्याभाऊ हा दणकट अंगाचा, तोंडाने फटकळ आणि मनाने निर्मळ ब्रह्मचारी पडद्यावर प्रथम आला तो १९४० सालच्या ‘लग्न पहावे करून’ या मास्टर विनायकांच्या चित्रपटात, आणि तेव्हा त्या कथांचा नायक चिमणराव झालेल्या दामुअण्णा मालवणकरांना गुंड्याभाऊच्या भूमिकेत विष्णुपंत जोगांनी साथ दिली होती. हीच जोडी १९७७ साली मुंबई दूरदर्शनवर मालिकेच्या रूपाने अवतरली, तेव्हा चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे.

मुंबई महानगरपालिकेत अभियंता म्हणून नोकरी करून नाटकात कामे करणाऱ्या कर्व्यांची ही निवड चरित्र अभिनेत्याचे, म्हणजे कथेच्या मध्यभागी नसूनही एका विशिष्ट माणसाची चालढाल व बोली घेऊन कथेला आधार देणाऱ्या नटाचे, महत्त्व पटवून देणारी ठरली. चिमणरावाचा भित्रेपणा खुलतो तो शेजारी सोटा घेऊन कोणी निर्धास्त उभा असल्यामुळेच. रंगमंचावर हा सोटा शेवटच्या रांगेपर्यंत दिसावा म्हणून उगारावा लागतो, परंतु कृष्णधवल छोट्या पडद्यावर, घरातल्या चार हातांवरच्या प्रेक्षकासमोर, तो नुसता मुठीत घट्ट धरला तरी पुरतो. आवाज आणि हालचाल यांना अशी वेसण घालणे ही या माध्यमाची खरी कसोटी होती, आणि कर्वे तीत पूर्ण उतरले. १९७९ मध्ये याच दोघांना घेऊन चित्रपटही निघाला.

भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्या दादासाहेब फाळक्यांचे स्मारक नाशिकला, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, उभे आहे. दूरचित्रवाणीच्या पहिल्या दशकाला मात्र, स्मारक सोडाच, स्वतःच्या चित्रफितीही पुरत्या जपता आल्या नाहीत, कारण फीत महाग असल्याने जुने चित्रण पुसून तिच्यावर नवे करण्याची तेव्हा रीत होती. जे अभिनय एकदाच दाखवले गेले आणि पुसले गेले, त्यांची हानी फार मोठी आहे, आणि ती सर्वांत अधिक सोसली ती दुय्यम भूमिका करणाऱ्या नटांनी, कारण पुढे चित्रपटांतून स्वतःचे काम मागे ठेवण्याची संधी त्यांतल्या थोड्यांनाच मिळाली.

कर्वे पुढेही नाटके आणि मालिका करीत राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले, तेव्हा मालिकेला पावणेपाच दशके उलटून गेली होती, तरीही मराठी वृत्तपत्रांनी त्यांची ओळख गुंड्याभाऊ म्हणूनच करून दिली.