धुरात तग धरणारा दगड

उत्प्रेरक स्वतः खर्च न होता अभिक्रिया घडवून आणतो, असे शाळेत शिकवतात. धुराड्यात मात्र तो गुदमरतो, झिजतो, विषाने मरतोही.

धुरात अमोनिया सोडला, तर उत्प्रेरकावर त्यातल्या नायट्रोजन ऑक्साइडचे साधा नायट्रोजन आणि पाणी करता येते, याचे पेटंट अमेरिकेतल्या एंगलहार्ड कंपनीने १९५७ मध्येच घेतले होते. ही युक्ती मोठ्या भट्ट्यांपर्यंत नेली जपानने. १९७३ साली तिथे नायट्रोजन डायऑक्साइडवर कडक मर्यादा आली आणि कंपन्या कामाला लागल्या. सुरुवातीचे उत्प्रेरक अॅल्युमिनावर बसवलेले होते. धुरातल्या गंधकामुळे अॅल्युमिनाचे सल्फेट व्हायचे, छिद्रे बुजायची आणि महागडा माल निकामी व्हायचा. उपाय सापडला टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते त्याच पदार्थात. गंधक त्याला सहजी बाधत नाही. त्यावर व्हॅनेडियमचा थर आणि बळकटीला टंगस्टन, हा जपानी मेळ वीजकेंद्रांत आजही चालतो.

जर्मनीत १९८३ च्या कायद्यानंतर हेच उत्प्रेरक बसले, तेव्हा नवा शत्रू पुढे आला. तिथल्या काही बॉयलरमध्ये राख वितळवून काढत आणि उडालेली राख पुन्हा भट्टीत टाकत. त्या फेऱ्यात कोळशातले आर्सेनिक वायुरूपात साठत जाई आणि उत्प्रेरकाच्या छिद्रांत शिरून बसे. मग कोळशात चुनखडी मिसळून आर्सेनिक आधीच बांधून टाकण्याची रीत आली. उत्प्रेरकात मॉलिब्डेनमही घातले गेले.

ट्रकची गोष्ट याहून कठीण. काजळी जाळताना धुराची वाट ६०० अंशांच्या वर तापते आणि सोबत वाफ असतेच. तांबे भरलेला झेडएसएम-५ हा झिओलाइट, म्हणजे अॅल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या सांगाड्याचा सूक्ष्म छिद्रांचा स्फटिक, प्रयोगशाळेत उत्तम चाले; पण तापलेली वाफ लागली की सांगाड्यातले अॅल्युमिनियम निखळून बाहेर पडे.

ज्या पदार्थाने हे कोडे सोडवले, तो फडताळात आधीपासून होता. शेव्हरॉनचे रसायनशास्त्रज्ञ स्टेसी झोन्स यांच्या एसएसझेड-१३ ला १९८५ मध्येच पेटंट मिळाले होते. त्याची दारे जेमतेम ०.३८ नॅनोमीटरची. अमोनिया आत जातो, पण निखळू पाहणारे अॅल्युमिनियमचे तुकडे त्या दारातून बाहेर पडू शकत नाहीत. पाव शतकानंतर तांबे भरलेला हाच झिओलाइट अमेरिकी ट्रकांत आला. तिथे अवजड ट्रकच्या धूरनियंत्रणाने ४,३५,००० मैल, म्हणजे सुमारे ७ लाख किलोमीटर, टिकावे असा दंडक होता. दाराच्या मापावर एवढी मजल मारणे ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी कामगिरी म्हणावी लागेल.

या रचनेचे नैसर्गिक भावंड आपल्या पायाखाली आहे. एसएसझेड-१३ चा सांगाडा चॅबझाइटचा, आणि चॅबझाइटचे स्फटिक दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत, नाशिक-जळगावकडच्या खाणींत सापडतात. मात्र खाणीतला स्फटिक ट्रकमध्ये चालणार नाही. त्यात अॅल्युमिनियम जास्त असते आणि तापलेल्या वाफेपुढे तेच त्याला दुबळे करते.

तांबे भरलेल्या या नव्या उत्प्रेरकालाही एक जुना शत्रू सुटलेला नाही: जपानमध्ये अॅल्युमिनाला नडलेले गंधक. १ एप्रिल २०२० पासून भारतात वाहनांच्या धुराचे बीएस-६ मानक लागू झाले, तेव्हा डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आणली गेली.